बंदोबस्त चोख, आजोबांचा फोन मोकळा

मुलाचा मोबाइल सुरक्षित करायला अर्धा तास पुरतो. उरलेलं आयुष्य आजोबांच्या मोबाइलमागे जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो अर्धा तास असा. मुलाचं गूगल खातं खऱ्या जन्मतारखेनं काढायचं. कटकट नको म्हणून १९९० टाकणारे पालक सांगलीत गल्लोगल्ली आहेत. मग गूगलच्या लेखी चौथीतलं पोर पस्तिशी उलटलेलं गृहस्थ होतं, आणि लहान मुलांसाठीच्या साऱ्या अडसरांतून सुटतं. खरी तारीख टाकली, आपल्या फोनवर गूगलचं फॅमिली लिंक हे पालकांसाठीचं ॲप घेऊन ते खातं जोडलं, की रोजचा वेळ, रात्री फोन बंद व्हायची वेळ आणि नव्या ॲपची परवानगी आपल्या हाती येते. हॉलमधल्या टीव्हीचं यूट्यूब त्यात आपोआप येत नाही, कारण तिथं बाबांचं खातं चालू असतं. तिथला रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे मोठ्यांसाठीचे व्हिडिओ गाळणारी सेटिंग, वेगळा लावायचा.

आता राउटर, म्हणजे घरभर वायफाय देणारा डबा. त्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर १९२.१६८ ने सुरू होणारा, ब्राउझरमध्ये टाकला की राउटरच्या सेटिंग उघडणारा पत्ता असतो आणि पुष्कळदा शेजारीच पासवर्डही छापलेला असतो. पोरं अभ्यासाचं पुस्तक वाचत नसतील, स्टिकर नक्की वाचतात. म्हणून आधी तो पासवर्ड बदला. मग त्याच सेटिंगमध्ये डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या) दोन रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ भरा. क्लाउडफ्लेअर कंपनीची ही फुकट सेवा तिला ठाऊक असलेल्या अश्लील आणि घातक साइट उघडूच देत नाही. पण ती अख्खी साइट अडवते. यूट्यूबमधला एखादा व्हिडिओ तिला दिसत नाही. शिवाय राउटरच्या मागचं बारीक भोक टाचणीनं दहाएक सेकंद दाबलं, की आपली सगळी मेहनत पुसली जाते. टाचणी घरात कुठं असते, हे आईला विचारावं लागतं, पोराला नाही.

आणि एवढं करून वायफाय बंद केला, मोबाइल डेटा चालू केला, की राउटरचा पहारा संपला. सांगलीत पुराचं पाणी पुढच्या दारानं येतं थोडंच? आधी मोरीतून वर येतं.

घरातली ती मोरी म्हणजे आजोबांचा फोन. रोजचा दीड-दोन जीबी डेटा, त्यातला वापर सकाळच्या शुभेच्छांपुरता. पॅटर्न इंग्रजी एल अक्षराचा, तोही नातवानंच शिकवलेला. बोटाचा ठसा मागितला तर नातवाचाही नोंदवलेला असतो, कारण फोन चालू करून दिला कुणी? ‘‘आजोबा, जरा द्या की, कॅल्क्युलेटर बघतो,’’ एवढं पुरतं. बाबांचा पिन म्हणजे लग्नाची तारीख. ती बाबांना आठवत नसली तरी पोराला पाठ असते. तेव्हा मोठ्यांच्या फोनमधले जास्तीचे ठसे काढा, गेस्ट युजर, म्हणजे पाहुण्यासाठीचं वेगळं खातं, बंद करा, प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावा. आजोबांना हे पटवायला मात्र चहा दोनदा करावा लागतो.

गेममधल्या चॅटबद्दल विनोद करवत नाही. अनोळखी माणसांचं बोलणं आणि मेसेज सेटिंगमधून बंद करा. कुणी धमकावलं, फोटो मागितले, तर चॅट पुसू नका, आधी स्क्रीनशॉट काढा. पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३० वर, मूल संकटात असेल तर चाइल्डलाइनला १०९८ वर फोन करा. आणि ‘‘सांगितलंस तर फोन काढून घेईन’’ हे वाक्य घरात उच्चारू नका. त्यामुळेच पोरं महिनोन्‌महिने गप्प बसतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ च्या ऑगस्टमध्ये वेगळी वाट काढली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. फॅमिली लिंक फक्त पोरांना लागते, भोंगा सगळ्यांना. सांगलीच्या विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमध्ये हा ठराव आणून बघा. पोरं ठरावाच्या बाजूनं हात वर करतील. विरोध सातच्या मालिकेकडून आणि बाबांच्या क्रिकेटकडून येईल, आणि सूचनेची नोंद घेऊन विषय पुढच्या सभेवर जाईल.