रॅन्समवेअरबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

'रॅन्समवेअरला घाबरू नका' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये फिरतोय. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्या फाइल्स लॉक करून त्या सोडवण्यासाठी खंडणी मागणारा प्रोग्राम. त्यातले सहा मुद्दे थोडक्यात असे: हे प्रकरण मोठ्या कंपन्यांपुरतं आहे; अनोळखी लिंक उघडली नाही की लागण होत नाही; अँटीव्हायरस असेल तर निश्चिंत राहा; महत्त्वाच्या फाइल्स डी ड्राइव्हमध्ये ठेवा, कारण व्हायरस सी ड्राइव्हमध्येच बसतो; लागण झालीच तर ताबडतोब रिस्टार्ट करा, नाहीतर सरळ फॉर्मॅट मारा; आणि अगदीच अडलं तर पैसे भरा, फाइल्स परत मिळतात.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण बिघडलेले डेस्कटॉप दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि अशा समजुतींवर विसंबलेल्या माणसांचं पुढे काय होतं ते मी समोर बसून पाहिलंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'मोठ्या कंपन्यांनाच धोका.'

बातमी मोठ्या कंपनीची होते, घरच्या कॉम्प्युटरची होत नाही, एवढंच खरं. १९८९ साली रॅन्समवेअरचा पहिला ज्ञात प्रकार आला तोच मुळी पोस्टाने. एड्सविषयी माहिती देणारी म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी लोकांना पाठवल्या गेल्या. कॉम्प्युटर ९० वेळा सुरू झाला की सी ड्राइव्हमधल्या फाइल्सची नावं ओळखू येईनाशी होत आणि पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा अशी मागणी पडद्यावर येई. अलीकडच्या काळात स्टॉप ऊर्फ डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअरचं एक अख्खं कुटुंब जगलं ते प्रामुख्याने घरगुती कॉम्प्युटरवर. खंडणी ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मी. तुमच्या फोटोंना बाजारात कोणी विचारणार नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. ते फोटो तुम्हाला हवेत, एवढं त्यांना पुरतं.

याच प्रकाराने धरलेला एक डेस्कटॉप ओळखीच्या एका ताईंनी माझ्याकडे आणला होता. मुलाने फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे ते पैसे न भरता वापरण्यासाठीचा चोरटा प्रोग्राम, उतरवून चालवला. थोड्या वेळाने विंडोज अपडेटची खिडकी आली, टक्के पुढे सरकू लागले. अपडेट चाललंय म्हणून ताई कॉम्प्युटर तसाच सोडून झोपायला गेल्या. ती खिडकी खोटी होती. तिच्या आडून फाइल्स लॉक होत होत्या. सकाळी फोल्डर उघडला तर फोटोंची छोटी चित्रं जाऊन सगळीकडे एकसारखे पांढरे कागद, प्रत्येक नावामागे चार अक्षरांचं अनोळखी शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची एकच चिठ्ठी. फाइल्सचा आकार जवळपास होता तेवढाच. म्हणजे सगळं जागेवर होतं, फक्त उघडत नव्हतं.

'अनोळखी लिंक उघडली नाही की काही होत नाही.'

मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हा आहे, कारण तो निम्मा खरा आहे. मेलमधून लागण होते, भरपूर होते. २०१६ मधलं लॉकी हे रॅन्समवेअर वर्डच्या फाइलमधल्या मॅक्रोवर, म्हणजे फाइलच्या आत दडलेल्या छोट्या प्रोग्रामवर, स्वार होऊन यायचं. 'मजकूर नीट दिसत नसेल तर मॅक्रो सुरू करा' असं त्या फाइलमध्येच लिहिलेलं असायचं. इंटरनेटवरून आलेल्या फाइल्समधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने आपणहून अडवायला सुरुवात केली ती २०२२ मध्ये. पण 'अनोळखी' या शब्दावर भिस्त ठेवू नका. इमोटेट नावाचा मालवेअर (घातक प्रोग्राम) लागण झालेल्या कॉम्प्युटरमधले मेल चोरायचा आणि आधीपासून चाललेल्या संभाषणातच उत्तर म्हणून अ‍ॅटॅचमेंट पाठवायचा. नाव ओळखीचं, विषय ओळखीचा, मागचा मजकूर तुम्ही स्वतः लिहिलेला. इमोटेट आत शिरला की पुढे अनेक ठिकाणी रायुक हे रॅन्समवेअर उतरवलं गेलं.

आणि काहीही न उघडता? १२ मे २०१७ ला वॅनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं तेव्हा समोरच्या माणसाने काही करायची गरजच नव्हती. विंडोजमध्ये फाइल्स शेअर करण्याची जी जुनी व्यवस्था आहे, तिच्यातल्या एका भोकातून ते एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात आपोआप जात होतं. कॉम्प्युटर चालू असणं, नेटवर्कवर असणं आणि अपडेट केलेला नसणं, एवढं त्याला पुरेसं होतं. दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले, इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ते भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. जवळजवळ दोन महिने आधी! 'नंतर आठवण करा' या बटणाबद्दल मी लोकांशी भांडतो ते यासाठी.

त्याच वर्षी २७ जूनला आलेलं नॉटपेट्या तर युक्रेनमधल्या एका लेखा सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून शिरलं. तिथे कोणी कसली लिंक उघडली होती? याशिवाय घरून ऑफिसचा डेस्कटॉप चालवता यावा म्हणून रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा ठेवतात आणि पासवर्ड सोपा असतो. तो ओळखून माणूस सरळ आत येतो, जणू स्वतःच्याच कॉम्प्युटरवर बसलाय. अपडेट टाळू नका असं वर म्हटलं आणि लगेच अपडेटमधूनच लागण झाल्याचं सांगितलं, यातला विरोध मला दिसतो. तरीही अपडेट करा. विषारी अपडेट ही क्वचितची गोष्ट, उघडं राहिलेलं भोक ही रोजची.

'अँटीव्हायरस असेल तर निश्चिंत.'

अँटीव्हायरस हवाच. पण क्रॅकच्या सोबत आलेल्या सूचनांमध्ये पहिली ओळ बहुधा 'आधी अँटीव्हायरस बंद करा' ही असते, आणि लोक तो स्वतःच्या हाताने बंद करतात. ताईंच्या मुलाने तेच केलं होतं. रिमोट डेस्कटॉपमधून आलेला माणूस अ‍ॅडमिनचे हक्क मिळाले की अँटीव्हायरस स्वतः बंद करतो. काही हल्ल्यांमध्ये तर विंडोजमधलंच बिटलॉकर हे कुलूप लावण्याचं साधन वापरून डिस्क लॉक केलेली आहे. अधिकृत साधनावर अँटीव्हायरस आक्षेप घेणार कसा? विंडोज १० पासून ठरावीक फोल्डरमध्ये परक्या प्रोग्रामला बदल करू न देण्याची एक सोय आहे. ती मुळात बंद असते, आपण चालू करावी लागते.

'फाइल्स डी ड्राइव्हमध्ये ठेवा.'

डी ड्राइव्ह म्हणजे बहुतेक घरांत त्याच हार्ड डिस्कचा दुसरा कप्पा. रॅन्समवेअर ड्राइव्हची अक्षरं एकामागून एक तपासतं आणि जिथे लिहिता येतं तिथे लिहितं. डी, ई, लावून ठेवलेला पेनड्राइव्ह, नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर, कायम जोडलेली बॅकअपची डिस्क, सगळं त्याच्या हाताखाली येतं. ताईंकडे बॅकअप होता. वेगळ्या हार्ड डिस्कवर, दर महिन्याला नेमाने घेतलेला. ती डिस्क कॉम्प्युटरच्या मागे वर्षभर लावलेलीच होती. त्या हे सांगत होत्या तेव्हाच मला उत्तर कळलं होतं, तरी मी डिस्क लावून पाहिली. तेच पांढरे कागद. विंडोज स्वतः ठेवते त्या फाइल्सच्या जुन्या प्रतीही उरल्या नव्हत्या. त्या पुसून टाकणं हे बहुतेक रॅन्समवेअरचं नेहमीचंच काम.

वाचते ती न जोडलेली प्रत. मर्स्क या जहाज कंपनीवर नॉटपेट्या आदळलं तेव्हा तिच्या जगभरच्या नेटवर्कची नोंदवही सांभाळणारे सर्व्हर पुसले गेले. घानामधला एक तेवढा वाचला, कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. तुमच्या बॅकअपला अशा नशिबाची गरज पडू देऊ नका. प्रत घेतली की वायर काढा.

'ताबडतोब रिस्टार्ट करा, नाहीतर फॉर्मॅट मारा.'

कृपा करून हे करू नका. नॉटपेट्याला रिस्टार्टच हवा असायचा. मशीन पुन्हा सुरू होताना डिस्क तपासली जात असल्याचा खोटा पडदा दिसे आणि त्याच वेळी डिस्कवरच्या फाइल्सची अनुक्रमणिका लॉक होत असे. वॅनाक्रायमध्ये उलट एक संधी होती: किल्ली ज्या मूळ संख्यांपासून (प्राइम नंबर) बनली त्या काही काळ मेमरीत राहत, आणि संशोधकांनी आठवड्याभरातच त्या शोधून फाइल्स सोडवणारं साधन तयार केलं. ते उपयोगी पडलं ते विंडोज एक्सपी आणि ७ वर, आणि तेही मशीन रिस्टार्ट केलेलं नसेल तरच.

पहिलं काम नेटवर्कची वायर काढणं, वायफाय बंद करणं, बाहेरच्या डिस्क सोडवणं. फाइल्स डोळ्यांदेखत लॉक होत असतील तर हायबरनेट करा, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर साठवून मशीन बंद होईल. ते जमत नसेल तर मी सरळ वीज तोडेन, कारण अजून लॉक न झालेल्या फाइल्स मला मेमरीतल्या एखाद्या शक्यतेपेक्षा मोलाच्या वाटतात. फॉर्मॅट मारलात तर लॉक झालेल्या फाइल्स आणि तुमचा ओळख क्रमांक असलेली चिठ्ठी दोन्ही गेलं, मग उद्या किल्ली मिळाली तरी ती लावणार कशाला?

फाइलच्या नावामागचं शेपूट बदलून बघण्यात वेळ घालवू नका. दाबलं की बसणारं कुलूप आठवा: लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. प्रत्येक फाइल एका वेगळ्या किल्लीने बंद होते आणि त्या किल्ल्या अशा एका कुलपात जातात, ज्याची किल्ली तुमच्या कॉम्प्युटरवर कधी आलेलीच नसते.

'पैसे भरले की फाइल्स मिळतात.'

कधी मिळतात, हे मी लपवणार नाही. पण अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीने २०२१ मध्ये ४४ लाख डॉलर भरले, आणि मिळालेलं साधन इतकं संथ होतं की कंपनीने आपल्या बॅकअपवरूनच काम चालू ठेवलं. नॉटपेट्यात खंडणीची मागणी होती, पण फाइल्स सोडवण्याची तरतूदच नव्हती. लॉकबिट टोळीचे सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांच्या हाती लागले, तेव्हा पैसे भरलेल्यांचाही चोरलेला डेटा त्यावर तसाच सापडला.

पैसे भरण्याआधी नो मोअर रॅन्सम या संकेतस्थळावर जा. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी ते २०१६ मध्ये सुरू केलं. चिठ्ठी आणि एक लॉक झालेली फाइल दिली की प्रकार ओळखून फुकट साधन असेल तर ते दाखवतात. किल्ल्या उशिरा सापडतात, पण कधी कधी सापडतात: क्रिप्टोलॉकर २०१३ मध्ये आलं आणि त्याच्या किल्ल्या ऑगस्ट २०१४ मध्ये लोकांना मोफत मिळाल्या.

ताईंचं थोडं जमलं. त्यांना धरणारा प्रकार प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच लॉक करतो. त्यांच्या आईच्या आवाजाची लांबलचक रेकॉर्डिंग होती, आकार लहान करण्यासाठी न आवळता साठवलेली. त्यांतला पहिला सेकंदसुद्धा पुरता गेला नव्हता. उरलेला आवाज मी कच्च्या स्वरूपात उघडून पुन्हा साठवला, आणि ताई हेडफोन लावून बराच वेळ तशाच बसून राहिल्या. फोटोंना ते लागू पडलं नाही. ती हार्ड डिस्क मी पुसलेली नाही. लॉक झाल्याची तारीख वर चिकटवून कपाटात ठेवलीय, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तिच्यातली एक फाइल आणि ती चिठ्ठी घेऊन तपासून पाहतो. फोटोंची किल्ली अजून आलेली नाही.