पुण्यात बनलेली पहिली मर्सिडीज मला हवी आहे

गेले चौदा महिने मी एक गाडी शोधतोय. मर्सिडीजची डब्ल्यू १२४. म्हणजे १९९५-९६ च्या सुमारास पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जुळणी झालेली ई २२० पेट्रोल किंवा ई २५० डिझेल. माझ्याकडे सहा लाख रुपये आहेत. त्यात कर्जाचा एक रुपया नाही आणि त्यावर घालायलाही एक रुपया नाही. हे आधीच सांगतो, कारण ओळखीत विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "नऊ-दहापर्यंत जा की, एकदम कडक गाडी मिळेल." मिळेल. पण मला सहातच बघायची आहे, आणि त्या सहातसुद्धा दीड-दोन लाख गाडी घरी आल्यानंतरच्या कामासाठी बाजूला ठेवायचे आहेत.

हीच गाडी का, ते सांगतो. बाबा टेल्कोत फिटर होते. १९९५ चा पावसाळा, मी नऊ वर्षांचा. स्कूटरवर बाबांच्या मागे त्यांच्या रेनकोटात डोकं खुपसून बसलो होतो. पिंपरीच्या चौकात बाबांनी हाक मारली, "बाहेर बघ." शेजारी एक चंदेरी गाडी उभी होती. तिच्या काचेवर एकच वायपर. माझ्या माहितीतल्या सगळ्या गाड्यांना दोन वायपर होते. हा एकटाच होता, आणि तो सरळ फिरत नव्हता. कोपऱ्याकडे गेला की लांब व्हायचा, मध्यावर आला की आखडायचा, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्याकडे लांब. बाबा म्हणाले, "बघ, कोपऱ्यातलं पाणीसुद्धा सोडत नाही." सिग्नल सुटला, गाडी गेली, आणि घरी पोचेपर्यंत मी बोटाने त्यांच्या पाठीवर तो वायपर काढत होतो.

पुढे कळलं की त्या वायपरच्या बुडाशी एक छोटा गिअरबॉक्स असतो. तो फिरता फिरता दांडा आतबाहेर करतो, त्यामुळे पुढच्या काचेचा ८६ टक्के भाग एकटा वायपर पुसून काढतो. ब्रुनो साको मर्सिडीजचे डिझाइनप्रमुख असताना ही गाडी तयार झाली आणि १९८४ च्या अखेरीस जर्मनीत बनू लागली. डिकीचं झाकण थेट बंपरपर्यंत खाली येतं, म्हणजे जड बॅग उचलून आत टाकावी लागत नाही, सरकवली की झालं. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांचं सस्पेन्शन. जर्मनीत टॅक्सीवाल्यांनी ती लाखो किलोमीटर पळवली. १९९४ मध्ये मर्सिडीज आणि टेल्कोची भागीदारी झाली, पुढच्या वर्षी पिंपरीतून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी जर्मनीत तिची पुढची पिढी आली होती. "आपल्या गळ्यात जुनं मॉडेल मारलं" असं तेव्हा बरेच जण म्हणायचे. मला उलट वाटतं. दहा वर्षं बनवून बनवून तिच्यातले बहुतेक दोष निघून गेले होते. आपल्या पदरात पिकलेलं फळ पडलं.

एक दोष मात्र नव्याने शिरला होता, त्याकडे येतो.

पहिली गाडी मुंबईत बघितली, वर्सोव्याला. ई २२०, पांढरी, भाव पावणेतीन लाख. लांबून बघून छाती भरून आली. रंग चकाचक, सीटचं कापड जसंच्या तसं. माझ्याबरोबर भोसरीचे आमचे मिस्त्री होते. ते रंगाकडे ढुंकूनही न बघता थेट दाराखाली बसले. या गाडीला दोन्ही बाजूंनी खाली प्लास्टिकचं आवरण असतं आणि त्यात जॅक लावायच्या जागेवर छोटी झाकणं असतात. मिस्त्रींनी एक झाकण नखाने उचकटलं आणि मला म्हणाले, "साहेब, बोट घाला." घातलं. जिथे पत्रा लागायला हवा होता तिथे काहीच लागलं नाही, बोट मुळापर्यंत आत गेलं. बाहेर आली ओली माती आणि तिच्यात चहाच्या भुकटीसारखा लालसर चुरा. चारपैकी तीन झाकणांखाली हेच. समुद्राची हवा, तीस पावसाळे, आणि प्लास्टिकच्या आड साचलेली ओल. वरून गाडी नवरीसारखी आणि खालून पत्रा सडलेला. आम्ही मालकाला नमस्कार करून निघालो. परतीच्या वाटेवर लोणावळ्यापर्यंत दोघंही गप्प होतो.

दुसरी नाशिकला. हिचा पत्रा खालून टणटणीत. इथे तो नवा दोष भेटला. साधारण १९९२ ते ९५ च्या दरम्यान मर्सिडीजने इंजिनवरच्या वायरिंगला निसर्गात विघटन होईल असं आवरण वापरलं. हेतू चांगलाच होता. पण इंजिनच्या उष्णतेने ते आवरण ठिसूळ होतं. मिस्त्रींनी इंजिनच्या मागच्या बाजूची एक वायर दोन बोटांत धरून जराशी वाकवली, तर आवरण शेवेसारखं कडकड तुटून खाली पडलं आणि आतली तांब्याची तार उघडी दिसायला लागली. दोन उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की इंजिनचा कंट्रोलर जायची भीती. तयार वायरिंग परदेशातून मागवायचं तर मला लाखाच्या घरातला आकडा सांगितला गेला. पुण्यात हाताने, एकेक वायर मापून, उष्णता सोसणाऱ्या आवरणाची नवी वायरिंग बांधून देणारे कारागीर आहेत. पण त्याला वेळ लागतो, आणि असा माणूस रिकामा सापडत नाही. मालक मात्र चार लाखांवर अडून बसले. "चालू आहे ना गाडी?" एवढंच त्यांचं म्हणणं. चालू होती, खरंच. मी हात जोडले.

मधल्या काळात एका एजंटने दिल्लीच्या गाडीचा आग्रह धरला. दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवण्यावर बंदीची टांगती तलवार अनेक वर्षं राहिली, त्यामुळे तिकडच्या चांगल्या गाड्या पडत्या भावात बाहेर आल्या. पत्राही कोरड्या हवेचा. पण तिकडचा ना हरकत दाखला, इथला रोड टॅक्स, नव्याने पासिंग हे सगळं जमेला धरलं की स्वस्ताई विरते. आणि मला हवी होती पुण्याची गाडी पुण्याच्या आसपास राहिलेली. या हट्टाला व्यवहाराच्या भाषेत काही उत्तर नाही, पण तो आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते.

या चौदा महिन्यांत मी अकरा गाड्या प्रत्यक्ष पाहिल्या. त्यांतल्या नऊ गाड्यांचे मालक श्रीमंत नव्हते. निवृत्त शिक्षक, गॅरेजवाला, छोटा प्रेसवाला, एक भाजीचा व्यापारी. १९९५ मध्ये ज्यांनी ही गाडी नवी घेतली त्यांनी ती पुढचं मॉडेल आल्यावर विकून टाकली. ती जिवंत ठेवली ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मालकाने, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एकेक जुना पार्ट शोधून. जुनी गाडी म्हणजे धनिकांचा छंद हा समज पाहिल्याशिवाय बोलण्यातून आलेला आहे. धनिक तयार झालेली गाडी विकत घेतात. तयार होईपर्यंत, म्हणजे जेव्हा तिला कुणी विचारत नाही ती वीस-पंचवीस वर्षं, तिला सामान्य माणूस सांभाळतो.

आणि नेमक्या त्याच वर्षांत आपला कायदा तिला भंगार समजतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. चांगले आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेतला वेगळा नंबर, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. पण पन्नास वर्षं! माझ्या मनातली गाडी त्या नियमात बसायला २०४५ उजाडेल. तोवर काय? पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणी, मग दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. पर्यावरण कर वेगळा. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क दहा हजार झालं. परदेशातून आयात केलेल्या गाडीला तेच ऐंशी हजार. इथे मात्र पिंपरीचा जन्म कामी येतो, कागदावर ही देशीच.

शुल्काची माझी तक्रार नाही, दहा हजार भरीन. तक्रार ही आहे की पासिंगच्या रांगेत या गाडीला आणि वीस वर्षं मरेस्तोवर घासलेल्या कुठल्याही गाडीला एकच माप लागतं. तिचं मूळपण, तिची निगा, वर्षाला ती किती धावते, हे विचारायला फॉर्मवर रकानाच नाही. जिथे ही गाडी घडली त्या जर्मनीत तीस वर्षं पूर्ण झाली, गाडी मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत असली, की तपासणी करून नंबरच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं, ऐतिहासिक म्हणून. तीस आणि पन्नासमधल्या या वीस वर्षांतच गाड्या मरतात. आपल्याकडे कॉन्टेसा अशाच गेल्या. स्टँडर्ड २००० आता शोधून सापडत नाही. प्रीमियर ११८ एनई, प्यूजो ३०९, मारुती १०००, या सगळ्या रांगेत उभ्या आहेत. नवं जग आपल्या दारात कसं आलं, ते सांगणारी ही यंत्रं आहेत. पन्नास वर्षं पूर्ण होतील तेव्हा यांतलं काही उरलं असेल तर ते कुणा मोठ्या माणसाच्या वातानुकूलित गॅरेजमध्येच असेल.

धुराचं काय, हा प्रश्न रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. जुनं डिझेल इंजिन नव्याइतकं स्वच्छ कधीच जळणार नाही. म्हणून अट घाला. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरची मर्यादा, दरवर्षी धुराची तपासणी, रोजच्या कामाला वापर बंद. मी आनंदाने सही करीन. बदल्यात तीस वर्षांच्या, मूळ रूपातल्या, निगा राखलेल्या गाडीला वेगळा वर्ग द्या. हे मी परिवहन खात्याला रीतसर अर्ज करून कळवलंय आणि ज्यांना पटतं त्यांनीही कळवावं, नमुना माझ्याकडून घ्या.

बारावी गाडी सातारला आहे. ई २५० डिझेल, १९९६ ची, पाच सिलिंडरची, गडद निळी. मालक पंचाहत्तरीचे डॉक्टर, त्यांच्याकडे ती बावीस वर्षं आहे. डिझेलच्या इंजिनाला ते वायरिंगचं दुखणं फार छळत नाही, पण थंड इंजिन सुरू करायला लागणारे हीटर प्लग इंजिनच्या हेडमध्ये जाम होऊन काढताना मोडतात, त्याची धास्ती. मिस्त्रींनी इंजिन गरम करून, प्लगच्या कडेने तेल सोडून, अर्धा अर्धा आटा फिरवत पाचही काढले. सकाळ गेली त्यात. झाकणांखालचा पत्रा शाबूत. डॉक्टरांनी दर सर्व्हिसची पावती फायलीला लावलेली आहे. भाव पावणेपाच सांगितला, सव्वाचारवर आले. पासिंग मात्र २०२१ मध्येच संपलंय. त्यावर डॉक्टर म्हणाले, "अहो, मी तुमच्याकडून इसार घेणार नाही. आधी गाडी पास होऊ द्या. नाही झाली तर तुमचे पैसे कशाला अडकवू?" तपासणीची तारीख मंगळवारची मिळालीय. मी रजा टाकलीय.

परवा बाबांना घेऊन गेलो होतो. एक्क्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, तरी दाराला हात न लावता गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग मला म्हणाले, "वायपर लाव." लावला तर तो अर्ध्यात कुरकुरून थांबला. आतलं ग्रीस वाळून खडी झालं होतं. मिस्त्रींनी टोपण उघडून जुनं खरवडून काढलं, नवं भरलं. डॉक्टरांच्या घरून तांब्या आणून बाबांनी काचेवर पाणी ओतलं आणि मी पुन्हा बटण फिरवलं. उजवीकडचा कोपरा स्वच्छ पुसला गेला. डावीकडचा अजून बोटभर राहतोय. मिस्त्री म्हणतात, मंगळवारच्या आधी तेवढंही काढतो.