‘छोटंसं सॅम्पल’ म्हणे! आधी पैसे टाका

“मॅडम, एक छोटंसं सॅम्पल पाठवा ना. फक्त आठशे शब्दांचं.”

पैसे घेऊन लेख आणि अनुवाद करून देणं हा माझा धंदा, आणि काम देण्याआधी कंपन्या हेच मागतात, तेही फुकट. आठशे शब्द, आणि छोटंसं! वर विषय त्यांचा, कीवर्ड (गूगलवर लेख सापडावा म्हणून घालायचे शब्द) त्यांचे, मधल्या मथळ्यांची यादी जोडलेली, शेवटी कंपनीचा फोन नंबर येईल अशी ओळ हवी, आणि हे सगळं उद्या सकाळी अकराच्या आत. अहो, नुसतं वाचून बघायचंय ना? मग अकराचा मुहूर्त कशाला? घाई छापणाऱ्याला असते, तपासणाऱ्याला नाही.

मी आधी लिंक पाठवते. माझ्या नावाने छापून आलेलं भरपूर आहे, दिवाळी अंकांतलं, पुरवण्यांतलं, वेबसाइटवरचं. त्या लिंक कोणी उघडत नाही. “छानच आहे, पण आमच्या विषयावरचं काहीतरी दाखवा.” म्हणजे मी लिहू शकते की नाही हा प्रश्नच नाहीये. त्यांना तयार माल हवाय.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका सहल कंपनीने असंच मागितलं. विषय: पावसाळ्यातलं कोकण. लिहिलं. त्यात माझी आजी आली, गुहागरची. पहिला पाऊस पडला की ती फडताळातून कुळथाच्या पिठाचा डबा काढायची, आणि पिठलं रटरटत असताना मागीलदारी उभी राहून ‘आज समुद्र ओरडतोय’ म्हणायची. लेख गेला. “टीमला दाखवतो” असं उत्तर आलं. मग शांतता. मग “सध्या आमची रिक्वायरमेंट होल्डवर आहे.”

जुलैत त्यांच्या ब्लॉगवर लेख हजर! आजी तशीच, डबा तसाच, समुद्रही तसाच ओरडतोय. बदल काय, तर ‘गुहागर’चं ‘गुहागर बीच’ केलेलं, परिच्छेदागणिक छत्री आणि नारळाच्या झाडाच्या इमोजी, लेखक म्हणून कंपनीची ‘टीम’, आणि पिठल्याच्या बरोब्बर खाली केशरी रंगाचं ‘बुक नाऊ’. माझी आजी आता अख्ख्या मार्केटिंग टीमची आजी झाली होती. तिच्या पिठल्यावर दोन रात्री, तीन दिवसांचं पॅकेज विकलं जात होतं.

फोन केला. पलीकडचा पोरगा शांतपणे म्हणतो, “मॅडम, कोकणावर काय तुमचा कॉपीराइट आहे का?”

कोकणावर नाही रे बाबा. त्या लेखावर आहे. 1957चा कॉपीराइट कायदा आहे आपल्याकडे. त्याच्या कलम 17प्रमाणे लेखनाची पहिली मालक लिहिणारी व्यक्ती. नोकरीत पगार घेऊन लिहिलं तर गोष्ट वेगळी, पण मला कोणी पगार दिलाय? आणि कलम 19 सांगतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. ‘मेलवर पाठवलंत म्हणजे दिलंतच की’ असलं काही कायद्यात नाही. नोंदणीही सक्तीची नाही, लिहिलं की हक्क आलाच. पुराव्याला हवीच असेल तर लेखनाची नोंदणी पाचशे रुपयांत होते. जाणूनबुजून चोरलं तर कलम 63खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. दावासुद्धा चोराच्या गावाला जाऊन लावायला नको, मी राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो.

ऐकायला कसं झकास वाटतं ना? आता वकिलाची फी आणि त्या लेखाची किंमत शेजारीशेजारी मांडा. हे गणित त्या पोरालाही पाठ आहे, म्हणून तर तो इतका शांत. शेवटी मी मेलच्या तारखा आणि दोन्ही मजकुरांचे स्क्रीनशॉट जोडून कंपनीला नोटिशीच्या भाषेत मेल टाकला, गूगलकडे कॉपीराइटची तक्रारही केली. पान गुपचूप उतरलं. पैसे नाहीत, माफी नाही. चोर तो चोर, वर शिरजोर.

आणि हा निदान शब्दन् शब्द उचलणारा होता. शहाणे चोर नुसती कल्पना उचलतात, वाक्यं फिरवून घेतात. कॉपीराइट शब्दांतल्या मांडणीला असतो, कल्पनेला नाही, त्यामुळे तिथे हात चोळत बसायचं. हल्ली तर तेवढेही कष्ट नाहीत. तुमचं सॅम्पल चॅटजीपीटीत टाकायचं आणि ‘याच शैलीत अजून वीस दे’ म्हणायचं.

अनुवादाच्या एजन्सींची तऱ्हा याहून भारी. एकदा ‘टेस्ट’ म्हणून वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचा तुकडा आला. सुरुवातच 4.3 क्रमांकाच्या भागापासून. मला वाटलं, असेल मधलाच उतारा. संध्याकाळी मैत्रिणीशी बोलताना कळलं, तिलाही टेस्ट आलीये, तिची 4.4पासून. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर 4.5वालाही निघाला! दहा केटररना ‘चव बघायला’ एकेक पदार्थ आणायला सांगायचं आणि त्यावर अख्खी पंगत उठवायची, तसला प्रकार. आम्ही तिघेही अर्थातच ‘यावेळी निवडले गेलो नाही’.

यावर सल्ले देणारे काय कमी आहेत? ‘वॉटरमार्क टाका.’ टाकते की. आडवा, पानभर, नावासकट. ‘गूगल डॉकमध्ये डाउनलोड आणि कॉपी बंद करा.’ करते. मग समोरचा स्क्रीनचा फोटो काढतो आणि गूगल लेन्स त्यातली देवनागरी उचलून देते. आमचा एक मित्र सॅम्पल श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप करून पीडीएफ पाठवतो, म्हणजे कॉपी केलं की नुसती अगम्य अक्षरं पडतात. डोकं भारी आहे, पण किती दिवस? टायपिंगवाल्याला दोनशे रुपये दिले की झालं. मजा बघा, टायपिंगवाल्याला द्यायला पैसे असतात.

सगळ्यात संताप येतो तो आपल्यातल्याच ज्येष्ठांचा. “सुरुवातीला थोडं फुकट करावं लागतं, ओळखी होतात.” कोणाशी ओळखी होतात? फुकट्याची ओळख दुसऱ्या फुकट्याशी, तो त्याला सांगतो, ‘त्या मॅडमना विचार, त्या सॅम्पल देतात.’ नुकतं लिहायला लागलेलं पोरगं रात्र जागून तीन-तीन सॅम्पल लिहितं आणि वर स्वतःलाच दोष देतं की आपलंच लिखाण कमी पडलं असेल. कमी पडलं असतं तर छापलं असतं का रे त्यांनी?

आता माझा ठरलेला मेल आहे, कॉपी-पेस्ट करून पाठवते. छापील लेखांच्या लिंक या. तुमच्याच विषयावर हवं असेल तर टेस्टचे पैसे आधी, नेहमीच्या दराने. काम दिलंत तर ती रक्कम पहिल्या बिलातून वजा. नापसंत पडलं तर वापरायचं नाही, आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत मजकुराचे सगळे हक्क माझे. अनुवादाची टेस्ट फार तर दोनशे शब्द, तीही उतारा मी निवडणार.

निम्मे लोक हा मेल वाचूनच गायब होतात. गरज सरण्याआधीच वैद्य मेला. परवा एकाने मात्र उत्तर पाठवलं, “मॅडम, आमच्याकडे फ्री सॅम्पल द्यायला शंभर रायटर लाइनमध्ये उभे आहेत.”

शंभर उभे आहेत ना? मग मला कशाला मेल केलात?