थडगं फोडायला निघालात? मग एवढं वाचूनच निघा

सगळ्यात आधी गाव नीट निवडा. इसवी सन पूर्व १११० च्या आसपासचं इजिप्तमधलं थीब्ज, नाइलचा पश्चिम किनारा, गादीवर नववा रामसेस. राजा राहतो लांब उत्तरेत, मजुरांचं धान्य कधी वेळेवर येत नाही आणि डोंगरात जुने राजे अंगावर सोनं घालून झोपलेत. अजून काय पाहिजे?

टीम मात्र कामाची घ्या. आमेनपनुफर नावाचा एक पाथरवट होता, आमून देवाच्या देवळाकडे कामाला, त्याने आठ जणांत मिळून राजा सोबेकेमसाफ आणि त्याच्या राणीच्या शवपेट्या उघडल्या, सोनं ओरबाडलं आणि पेट्या पेटवून दिल्या. १६० देबेन (तेव्हाचं वजनाचं माप) सोनं निघालं, भागिले आठ, प्रत्येकी २०. म्हणजे आजच्या हिशोबाने पावणेदोन किलोच्या वर, गंमत नाही.

पकडले गेलात तरी टेन्शन घेऊ नका. आमेनपनुफर पण पकडला गेला. त्याने आपला सगळा वाटा, पुरे २० देबेन, खाएमोपे नावाच्या वॉर्डातल्या लेखनिकाच्या हातावर ठेवला आणि सुटला. बाहेर आल्यावर पार्टनर लोकांनी त्याला परत नवीन वाटा काढून दिला!! इतका सचोटीचा धंदा आजकाल कुठे बघायला मिळतो सांगा. (पुढे परत धरला गेला आणि काठीचे फटके बसल्यावर हे सगळं स्वतःच बोलला. लेखनिकांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला, तो पपायरस अजून आहे.)

चोर व्हा, काही हरकत नाही, पण तक्रारदार चुकूनही होऊ नका. पूर्व थीब्जचा महापौर पासेर हा शहाणा माणूस पश्चिमेच्या महापौराकडे, म्हणजे पावेराकडे बोट दाखवून म्हणाला की तुझ्या हद्दीत राजांची थडगी फुटतायत. लगेच कमिटी बसली. दहा राजांची थडगी तपासली तर एकच फुटलेलं निघालं, आपल्या सोबेकेमसाफचं. साध्या लोकांची तर यच्चयावत सगळी फुटलेली होती, पण ती काय राजाची थोडीच! मग गुन्हा आधीच कबूल केलेल्या एका तांबटाला डोळे बांधून तिकडे नेलं, पट्टी सोडली आणि दाखव म्हणाले. पठ्ठ्याने एक कधीच न वापरलेलं थडगं आणि एका कामगाराचं खोपट दाखवलं. झालं, क्लीन चिट! पश्चिमेच्या लोकांनी नदीपलीकडे पासेरच्या हद्दीत जाऊन जल्लोषाची मिरवणूक काढली, पासेर भडकला, थेट फारोला, म्हणजे राजाला, लिहितो म्हणाला, तर दोन दिवसांत कोर्ट बसलं, वजीर खाएमवासेत स्वतः हजर, आणि आरोप खोटे ठरले. त्या दिवशी पंचांमध्ये पासेर पण बसला होता हो.

पोलिसाला उधार देऊ नका. देइर एल-मदिना या थडगी कोरणाऱ्या कामगारांच्या वस्तीतल्या मेन्नाने तिथल्या पोलीसप्रमुखाला चरबीचं एक मडकं विकलं, बदल्यात जव मिळणार होते. तीनदा कोर्टात गेला, अठरा वर्षं गेली, मडकं कधीच संपलं असणार. शेवटी प्रमुखसाहेबांनी फारोची शपथ घेतली की मुदतीत नाही दिलं तर १०० फटके आणि दुप्पट वसुली. घ्या, शपथ मिळाली ना?

आणि चुकून न्यायाधीश झालात तर केस चालू असताना आरोपींसोबत प्यायला बसू नका. तिसऱ्या रामसेसच्या जनानखान्यातल्या कटाच्या खटल्यात काही जण बसले, मग त्यांचीच नाकं-कान कापली गेली.

आता राहिलं शेवटचं कोर्ट, मेल्यानंतरचं. ४२ देव, तराजू, एका पारड्यात तुमचं काळीज आणि दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस, शेजारी मगरीच्या तोंडाची अम्मित नावाची राक्षसीण काळीज गिळायला टपलेली. इथे खाएमोपे चालत नाही. पण इथली खरी अडचण म्हणजे साक्षीदार, तुमचंच काळीज. त्याची पण सोय आहे: छातीवर दगडाचा भुंगा ठेवायचा, त्यावर मंत्र कोरलेला असतो की बाबा काळजा, माझ्याविरुद्ध उभा राहू नकोस. सोबत पपायरसची तयार गुंडाळी घ्या, त्यात मी चोरी केली नाही, मी वजनात मारलं नाही वगैरे सगळं आधीच लिहिलेलं मिळतं. नावाची जागा तेवढी कोरी असते आणि काहींची ती तशीच राहून गेलीय, तेव्हा आठवणीने भरून घ्या, नाहीतर पैसे तुमचे आणि निर्दोष सुटणार भलताच.