लॅन्सेट खोटं, जर्नल खोटं, मग थेंब तेवढे खरे?

वहिनीच्या बचत गटाच्या ग्रुपवर परवा एक लांबलचक मेसेज आला. ‘विज्ञानाचा सर्वात मोठा घोटाळा उघड, जागे व्हा’ असं वर लिहिलेलं. आमच्या कॉलेजच्या स्टाफ ग्रुपवर तोच मेसेज फिरला तेव्हा लोक हसले आणि विसरले. वहिनी हसली नाही. तिनं विचारलं, “भाऊजी, मंग लेकराले नऊ महिन्याची सुई द्याची का नाई?” म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं सांगणं असं. शोधनिबंध जर्नलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकात, छापण्याआधी त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडून तपासून घेतात. त्याला पिअर रिव्ह्यू म्हणतात. आणि ही म्हणे कंपन्यांनी उभी केलेली निव्वळ धूळफेक आहे. पुरावे सहा. एक, आईन्स्टाईनचे निबंध कोणी तपासलेच नव्हते. दोन, ज्यांना नोबेल मिळालं त्यांनाही आधी नाकारलं होतं. तीन, तपासणाऱ्याला एक रुपया मिळत नाही, मग तो कशाला डोकं लावेल? चार, 2023 या एका वर्षात दहा हजारांवर निबंध रद्द झाले. पाच, लसीमुळे ऑटिझम (लेकराला बोलायला, मिसळायला अडचण येते अशी मेंदूच्या वाढीतली अवस्था) होतो हे लॅन्सेट या लंडनच्या वैद्यकीय जर्नलनं छापलं आणि मग कंपन्यांच्या दडपणाखाली काढून टाकलं. सहा, हा गोऱ्या साहेबांचा खेळ आहे, खेड्यातल्या माणसाला तिथं कोणी विचारत नाही. तेव्हा कागद पाहू नका, अनुभव पाहा, लेकराला सुई टोचू नका. खाली रोगप्रतिकारक थेंबांच्या बाटलीचा फोटो, किंमत 1,150 रुपये आणि मोबाईल नंबर.

पाचवा मुद्दा आधी घेतो. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर एखादा माणूस उल्लू बनेल, या मुद्द्यानं लेकरू आजारी पडेल.

लॅन्सेटनं छापलं होतं, हे खरं. फेब्रुवारी 1998. अँड्र्यू वेकफिल्ड हा लंडनचा डॉक्टर आणि त्याचे बारा सहलेखक. लेकरं किती तपासली? 12. आपल्या अंगणवाडीत एखाद्या दिवशी खिचडीला याहून जास्त पोट्टे असतात. गंमत म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची (एमएमआर) लस आणि या लेकरांचा आजार यांचा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही, असं त्या निबंधातच लिहिलं होतं. लसीबद्दलची भीती पसरली ती पत्रकार परिषदेतून. म्हणजे जे जर्नलमध्ये नव्हतं ते माईकसमोर बोललं गेलं आणि जगभर तेच फिरलं.

पुढे ब्रायन डीअर या पत्रकारानं खोदायला सुरुवात केली. लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून या डॉक्टरला चार लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाल्याचं निघालं. गोवराच्या वेगळ्या लसीच्या पेटंटसाठी त्यानं 1997 मध्येच अर्ज करून ठेवला होता, हेही निघालं. 2004 मध्ये तेरापैकी दहा लेखकांनी निबंधातून काढलेला अर्थ मागे घेतला. 2010 च्या जानेवारीत ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेनं वेकफिल्डला अप्रामाणिक ठरवलं, फेब्रुवारीत लॅन्सेटनं निबंध रद्द केला, मे महिन्यात त्याचा डॉक्टरकीचा परवाना गेला. दडपण, पैसा, कंपन्या असं सगळं मेसेजवाला म्हणतो. पैसा होताच की! फक्त तो कोणाच्या खिशात गेला, एवढंच त्यानं लिहिलेलं नाही.

त्यानंतर शास्त्रज्ञ हातावर हात धरून बसले नाहीत. डेन्मार्कमध्ये 1999 ते 2010 या काळात जन्मलेल्या 6,57,461 मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, ते काम 2019 मध्ये छापून आलं. ही लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. बारा लेकरांचा निबंध ज्याला पाठ आहे त्याला साडेसहा लाखांचा कसा सापडत नाही, हे मला समजत नाही. समजतं म्हणा.

गोवर निघतो आणि आठ दिवसांत जातो, असं आपल्याकडे अजून म्हणतात. बहुतेकांचा जातोही. पण काही लेकरांना न्यूमोनिया होतो, काहींच्या मेंदूला सूज येते, काहींची दृष्टी जाते, आणि अशक्त लेकरू असलं तर जीवही जातो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला साथ आली तेव्हा लेकरं दगावली. तेव्हा वहिनी, आणि गटातल्या सगळ्या बायांनो, सुई द्याचीच. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा 9 महिने पूर्ण झाले की, दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या मधात. उपकेंद्रात फुकट मिळते.

एक प्रश्न मात्र रास्त आहे. वेकफिल्डचा निबंध जाणकारांनी तपासला होता, तर लबाडी तेव्हाच का नाही धरली? कारण तपासणाऱ्याच्या हातात फक्त लिहिलेला कागद असतो. तो दवाखान्यात जाऊन रोग्यांचे केसपेपर काढत नाही, लेखकाच्या बँकेचं पासबुक पाहत नाही. आणि कागदावरच्या चुकासुद्धा त्याला सगळ्या दिसत नाहीत. ब्रिटिश मेडिकल जर्नलनं याची परीक्षाच घेतली होती, तीही नेमकी 1998 मध्येच छापून आली. एका निबंधात मुद्दाम 8 दोष घातले आणि तो शेकडो जाणकारांना धाडला. तपासून परत पाठवणारे दोनशेच्या वर होते. त्यांना सरासरी किती दोष सापडले? 2. ही माहिती कोणी दडपली नाही, जर्नलवाल्यांनी स्वतःच छापली.

सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर ग्रेडर गाडीतला मूठभर कापूस ओढतो, धागा पाहतो, ओलावा मोजतो, 12 टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. तळाशी कोणी पाणी मारून ठेवलं असेल तर ते त्याला दर वेळी दिसत नाही, ते जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करताना, उघडं पडतं. म्हणून ग्रेडर हाकला आणि कापूस न पाहता घ्या, अशी मागणी आजवर कोण्या शेतकऱ्यानं केलेली नाही. पिअर रिव्ह्यू एवढाच आहे. खरी परीक्षा पुढे, दुसरी माणसं दुसऱ्या जागी तेच काम करून पाहतात तेव्हा होते. वेकफिल्ड त्या जिनिंगमध्ये पकडला गेला. मात्र निबंध रद्द व्हायला बारा वर्षं लागली, ही लॅन्सेटला शरम वाटावी अशीच गोष्ट आहे, तिथं मी मेसेजवाल्याशी भांडत नाही.

आता सहावा मुद्दा, खेड्यातल्या माणसाला कोणी विचारत नाही म्हणे. हे वाक्य विदर्भात बसून लिहिणाऱ्याला, विदर्भात फिरवणाऱ्याला काय म्हणावं? गडचिरोली काय इंग्लंडमध्ये आहे?

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गडचिरोलीच्या 39 गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाचं वजन करायचं, ते थंड पडू नये म्हणून गुंडाळायचं, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं कोणती, आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयारच नसले तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं त्यांना शिकवलं. बाजूच्या 47 गावांत हे काम केलं नाही, पण तिथल्या जन्म-मृत्यूंची नोंद तशीच ठेवली. सुरुवातीला दोन्हीकडे हजार जन्मांमागे 60 च्या आसपास बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत हा आकडा 25 वर आला, बाजूच्या गावांत होता तिथंच राहिला.

हे कुठं छापलं? डिसेंबर 1999 च्या लॅन्सेटमध्ये. तेच जर्नल, वेकफिल्डच्या निबंधानंतर दोन वर्षंही उलटली नव्हती. पाचवी-सातवी शिकलेली बाई बाळाला इंजेक्शन देते हे मोठमोठ्या डॉक्टरांच्या पचनी पडत नव्हतं. लंडनच्या जर्नलात पारख झालेल्या आकड्यांसमोर त्यांना नुसतं नाक मुरडून भागणार नव्हतं. पुढे दुसऱ्यांनी करून पाहिलं. उत्तर प्रदेशात शिवगढला आणि बांगलादेशात सिल्हेटला घरोघरी बाळंतिणींकडे जाऊन काळजी घ्यायचे प्रयोग झाले, त्यांचे निकाल 2008 मध्ये आले. शिवगढला नवजात मृत्यू 54 टक्क्यांनी घटले होते, सिल्हेटला 34 टक्क्यांनी. पद्धत थोडी वेगळी, आकडे वेगळे, दिशा एकच. 2011 पासून आपल्या सरकारनं हे काम देशभरातल्या आशांकडे दिलं. बाळ जन्मलं की 42 दिवसांत आशाताई सहा-सात वेळा घरी येते, काटा लावते, थर्मामीटर लावते, ते या निबंधामुळे. वहिनीकडेही आली होती. त्याच आशाताईचं ऐकू नका असं सांगायला हा मेसेज त्याच गावात फिरतोय.

मेसेजवाला म्हणतो अनुभव पाहा. बंग यांनीही अनुभवच पाहिला, पण 86 गावांचा पाहिला, जिथं काही केलं नाही तिथलाही पाहिला, आणि अनोळखी लोकांना सांगितलं की यातली चूक काढा. आपल्या नात्यातल्या चार लेकरांना थेंब दिले आणि ती ठणठणीत राहिली, हाही अनुभवच आहे. ती थेंब न देताही राहिली असती का, हे त्यातून कळत नाही.

चौथ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि ते मला जड मनानं मान्य करावं लागतंय. 2023 मध्ये दहा हजारांवर निबंध रद्द झाले. त्यातले आठ हजारांहून जास्त एकट्या हिंदावी या प्रकाशकाच्या जर्नलांमधले होते. पैसे घेऊन बनावट निबंध लिहून देणाऱ्यांनी ती भरून टाकली होती आणि तपासणीही आपल्याच माणसांकडून करून घेतली होती. आपल्याकडे तर विचारूच नका, राजेहो. तालुक्याच्या गावात कॉलेजात शिकवणाऱ्या कोणालाही विचारा: एका दिवसाची परिषद, आयएसएसएन नंबर (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) असलेला विशेषांक, भरा पैसे, आठ दिवसांत निबंध छापून, वर सर्टिफिकेट. प्रमोशनला गुण लागतात म्हणून माणसं भरतात. 2018 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला (यूजीसी) आपल्याच मंजूर यादीतून 4,305 जर्नलं काढावी लागली. त्याआधी 2013 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं ढोबळ चुकांनी भरलेला एक खोटा निबंध 304 जर्नलांकडे धाडला होता, 157 जणांनी तो छापायला घेतला. फसलेल्यांत भारतातले बरेच होते.

पण यातून निघतं काय? जिथं तपासणीचं नुसतं नाटक झालं तिथंच घाण साचली. त्यावर तपासणीच नको हा उपाय कसा होतो? आणि हे दहा हजार निबंध खोटे आहेत हे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कोणी शोधलं नाही. त्याच धंद्यातल्या चिकित्सक लोकांनी, बहुतेकांनी फुकटात, असे निबंध उकरून काढले.

आईन्स्टाईन. 1905 चे त्याचे निबंध आजच्यासारखे बाहेर तपासायला गेले नाहीत, बरोबर, तेव्हा संपादकच ठरवत. पण 1936 ची गोष्ट मेसेजमध्ये नाही. गुरुत्वीय लहरी (गुरुत्वाकर्षणामुळे अवकाशात उठणारे तरंग) अस्तित्वातच नसतात, असा निबंध आईन्स्टाईन आणि त्याचा सहकारी रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादकानं तो तपासायला दिला, परीक्षकानं चूक दाखवली. आईन्स्टाईन भडकला आणि निबंध परत घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे छापून आला तेव्हा निष्कर्ष उलटलेला होता. परीक्षक बरोबर होता. त्या लहरी 2015 मध्ये पकडल्या, आणि तशा लहरी टिपायला भारतातली वेधशाळा आपल्या वाशिमला लागून, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला उभी राहतेय.

नोबेलवाला नाकारला गेला तो बॅरी मार्शल. जठरातल्या जंतूमुळे अल्सर होतो हे त्याचं म्हणणं 1983 मध्ये एका परिषदेनं घेतलं नाही. मग त्यानं फॉरवर्ड मेसेज नाही काढला. 1984 मध्ये रॉबिन वॉरन या सहकाऱ्यासोबत लॅन्सेटमध्ये छापलं, स्वतः जंतू पिऊन आजारी पडून दाखवलं, इतरांनी पडताळलं, 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. नाकारलेल्या एकाला नोबेल मिळालं म्हणून नाकारलेला प्रत्येक जण मार्शल होत नाही.

तपासणाऱ्यांना पैसे मिळत नाहीत हे खरं आहे, आणि प्रकाशक कंपन्या त्यांच्या फुकटच्या मेहनतीवर रग्गड कमावतात हेही खरं आहे. द्यावेत पैसे. पुढे.

राहिली बाटली. जगातली सगळी जर्नलं खोटी ठरवून झाल्यावर बाटलीच्या फोटोखाली बारीक अक्षरात लिहिलंय, ‘आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये प्रसिद्ध संशोधनावर आधारित’. जर्नलचं नाव नाही, वर्ष नाही. किती लेकरांना थेंब दिले, ज्यांना दिले नाहीत त्यांचं काय झालं, काही नाही. मी नंबर लावला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. कोणत्या जर्नलमध्ये, असं विचारल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, “सर, तुम्ही शिकलेले दिसता. तुमच्या तालुक्याची डीलरशिप अजून खाली आहे.”