क्रिस्टीनचं काय?

बुधवारी पाऊस थांबल्यावर कट्ट्यावर चौघं जमलो: बापू, शरूताई, मन्या आणि मी. कठडा ओला होता म्हणून मन्याने कालचा पेपर पसरला आणि चहा यायच्या आतच विषयाला हात घातला. आदल्या रात्री त्याने ‘ए फॉर अँड्रोमेडा’चा सहावा भाग पाहिला होता.

बीबीसीची ही मालिका १९६१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सात भागांत दाखवली गेली. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि जॉन एलियट या दोघांनी मिळून ती लिहिली. गोष्ट तेव्हाच्या भविष्यातली, म्हणजे १९७० च्या सुमाराची. इंग्लंडमधल्या बोल्डरशॉ फेलच्या नव्या रेडिओ दुर्बिणीवर देवयानी तारकासमूहाच्या दिशेकडून संदेश येतो. जॉन फ्लेमिंग नावाचा तरुण तो उलगडतो, तर तो निघतो एक भलामोठा संगणक बांधायचा आराखडा आणि त्यात भरायची आज्ञावली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर थॉर्नेसच्या लष्करी तळावर सरकार तो संगणक बांधतं.

“याला परग्रहावरचं आक्रमण म्हणतात,” मन्या म्हणाला, “आणि सातही भागांत आकाशातून कोणी उतरत नाही. मला तर हेच फार आवडलं.”

बापूंनी लगेच मान हलवली. “आक्रमण कसलं रे? पत्र आलं. तुम्ही फोडलं, वाचलं, त्यात लिहिलेलं यंत्र स्वतःच्या पैशाने बांधलं. उद्या कोणी मला पाककृती पाठवली आणि ती खाऊन माझं पोट बिघडलं, तर पाठवणाऱ्याने हल्ला केला म्हणू का?”

“बापू,” मन्या म्हणाला, “गोरे सुरतेला आले तेव्हा आल्याआल्या राज्य मागितलं का त्यांनी? वखारीपुरती जागा मागितली. आपणच दिली.”

इथे मला राहवलं नाही. हॉयल यांनी हे असं का लिहिलं, याच्या मागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. प्रकाशाहून वेगाने काही जात नाही आणि ताऱ्याताऱ्यांमधली अंतरं अशी, की सैन्य पाठवायचं तर पिढ्या खर्ची पडतील. रेडिओ लहर मात्र प्रकाशाच्याच वेगाने जाते आणि माहिती वाहून नेते. मग सैन्य कशाला पाठवायचं? सैन्य घडवायची कृती पाठवावी, कच्चा माल आणि मजूर समोरच्याकडे असतातच. १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन यांनी ‘नेचर’मध्ये तारकांकडून येणारे रेडिओ संदेश शोधावेत असं मांडलं होतं, १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत तसा शोध घेऊनही पाहिला. लोक ‘कोणी बोलतंय का’ हे ऐकायला नुकते कुठे बसले होते, तोवर हॉयल यांनी पुढचा प्रश्न विचारला: बोललं, तर ऐकायचं का?

“हॉयल म्हणजे आपल्या नारळीकरांचे गुरू,” बापू म्हणाले. नारळीकरांचं नाव निघालं की बापू जरा सरसावून बसतात. शाळेत असताना ते सही मागायला गेले होते. सरांनी सही दिली नाही, पोस्टकार्डवर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव म्हणाले. उत्तर आलं, खाली सही होती. ते कार्ड अजून बापूंच्या कपाटात आहे.

आणि ते साल बघा. १९६१ च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्याच मार्टिन राइल यांनी आकाशातल्या रेडिओ स्रोतांची मोजणी पुढे करून हॉयल यांच्या स्थिर स्थितीच्या सिद्धान्ताला (विश्वाला आरंभ नाही, ते कायम एकसारखंच दिसतं) आव्हान दिलं. त्यावर रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत हॉयल यांची बाजू मांडायला कोण उभं राहिलं? त्यांचा संशोधक विद्यार्थी, आपले जयंत नारळीकर. वय बावीस. रेडिओ दुर्बिणीच्या आकड्यांवरून असं रान पेटलेलं असताना, त्याच वर्षी रेडिओ दुर्बिणीपासून सुरू होणारी ही गोष्ट पडद्यावर आली. हे लक्षात आल्यापासून मला ती मालिका फार जवळची वाटते.

बापूंना यातून वेगळंच सिद्ध करायचं होतं. “हॉयल यांना बाहेरून येणाऱ्याची भीती नव्हती. जीवसृष्टी अंतराळातूनच आली, असं ते पुढे म्हणायला लागले. नारळीकरांनी २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली ती त्याच शोधासाठी. २००५ ला पुन्हा सोडला. त्यात सापडलेल्या एका नव्या जिवाणूला हॉयल यांचं नाव दिलंय, जॅनिबॅक्टर हॉयली. ज्याला पाहुणा आपल्याच रक्ताचा वाटतो, तो माणूस पाहुण्याला चोर कशाला ठरवेल?”

मुद्दा वजनदार होता. जिवाणू बाहेरूनच आले असा दावा मात्र त्या शोधात नव्हता, एवढं मी सांगितलं. मन्या म्हणाला, “ते खरं असो. पण मालिकेतलं यंत्र देतं काय ते बघा ना. सरकारला क्षेपणास्त्रं पाडायची विद्या देतं. इंटेल नावाची एक आंतरराष्ट्रीय व्यापारी टोळी मागे लागलेली असते, तिला पैसा दिसतो.” (संगणकाच्या चिप बनवणारी आजची इंटेल ती ही नव्हे, ती १९६८ ची.) “ज्याला जे हवं ते दाखवलं की तो फ्लेमिंगचं ऐकतच नाही. यंत्र बंद करा म्हणणारा तो एकटाच ओरडत राहतो.”

“पण औषधही देतं,” बापू म्हणाले. “भाजलेली कातडी भरून आणणारं. तेही आक्रमणच?”

शरूताई इतका वेळ नुसतं ऐकत होती. तिने ग्लास खाली ठेवला.

“बापू, ते औषध कोणाच्या हातांना लावलं?”

बापू गप्प.

“यंत्राने घडवलेल्या त्या मुलीच्या. आणि हात भाजले कोणी? यंत्रानेच. आता क्रिस्टीनचं सांगा. प्रयोगशाळेतली मदतनीस, साधी पोरगी. त्या यंत्रातून दोन धातूची टोकं बाहेर आलेली असतात, जवळ जाणाऱ्याला तिथे ओढ लागते. ती दोन्ही हात त्यांवर ठेवते आणि जागीच जाते. पुढे डॉक्टर डॉने ही बाई त्याच यंत्राच्या सांगण्यावरून एक देह वाढवते, आणि तो निघतो हुबेहूब क्रिस्टीनचा. तिचं नाव ठेवतात अँड्रोमेडा. दोघींचं काम ज्यूली क्रिस्टी या अभिनेत्रीने केलंय, तेव्हा ती नाट्यशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली. आता तुम्ही दोघं अर्धा तास वखार नि क्षेपणास्त्रं करताय. त्यांनी पहिली जागा बळकावली ती कुठली? इंग्लंडची का?”

कोणी बोललं नाही. चहावाल्या पोराने रिकामे ग्लास उचलून नेले.

“मेलेल्या पोरीच्या चेहऱ्याची दुसरी पोर तळावर फिरते,” शरूताई म्हणाली, “आणि मंत्री, अधिकारी सगळे तिच्याकडून काम करून घेतात. पत्र कोणी पाठवलं याचं मला फारसं काही नाही. त्या तळावरची माणसं दुसऱ्या दिवशी कामाला लागली कशी, ते मला सांगा.”

मला तिचंच पटतं. शेवटी फ्लेमिंगला त्या दुसरीत माणूस दिसतो. तो कुऱ्हाड घेऊन यंत्र फोडतो, कागद जाळले जातात, दोघं पळतात. पण क्रिस्टीनसाठी कोणी कुऱ्हाड उचलली नव्हती.

बापू हटले नाहीत. १९६२ च्या पुढच्या मालिकेत असंच दुसरं यंत्र अझरान नावाच्या काल्पनिक देशात निघतं, ते त्यांनी काढलं. “बघ, एक फोडलं तरी दुसरं कोणीतरी बांधतोच. दोष पत्राचा नाही म्हणतो तो यासाठी.” म्हणजे फिरून ते शरूताईच्याच अंगणात आले होते, आणि तिने ते त्यांना तसं सांगितलंही. बापू उठता उठता एवढंच म्हणाले, “तू म्हणतेस तसं मी पाहिलं नव्हतं.”

निघताना मन्याला विचारलं, सगळे भाग कुठे मिळतील? मिळणार नाहीत. त्या काळी टेप महाग, बीबीसीने पुष्कळ कार्यक्रम पुसून टाकले, त्यात हेही गेले. काही तुकडे आणि पडद्यावरून घेतलेली छायाचित्रं आहेत. अख्खा भाग एकच, सहावा.

त्यात क्रिस्टीन नाही. यंत्राने घडवलेली ती दुसरी आहे.