‘मशीन भंगार, बहाणे फार’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या पतसंस्थेच्या आमसभेच्या नोटिसांची ११०० पाकिटं आम्ही दोन दिवस उशिरा दिली, त्यातली चाळीसेक चुरगळलेली होती, काहींवरचे पत्ते पुसट होते आणि विचारल्यावर ‘कागद फसला’ एवढंच ऐकायला मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. सगळं खरं आहे. फक्त मशीन, म्हणजे आमचा लेझर प्रिंटर, भंगार नाही. ती भंगार असती तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

काम तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी द्यायचं होतं. मशीनवरचा पोरगा पोळ्यासाठी गावी गेलेला, म्हणून मीच बसलो. साठ-सत्तर पाकिटं झरझर निघाली आणि एक आत फसलं. मागचं झाकण उघडायचा कंटाळा केला अन् ते समोरूनच, म्हणजे उलटं, खेचलं. कागद ज्या दिशेनं चालतो त्याच दिशेनं, दोन्ही हातांनी हळू काढायचा, हे त्या पोराला मीच शिकवलेलं! पाकीट फाटलं. नखाएवढा तुकडा आत राहिला. मग दर आठ-दहा पाकिटांनी मशीन थांबायची, मी काढायचो, पुन्हा लावायचो. रात्र त्यातच गेली. दुसऱ्या दिवशी पोरगा आला, मशीन बंद करून थंड होऊ दिली, टोनरचा, म्हणजे शाईच्या पुडीचा, डबा बाहेर काढला, मोबाईलचा टॉर्च मारला. “भाऊ, तुकडा तं इथंच हाय न!”

पाकिटं तुम्ही आणून दिली होती, पण सांभाळायची मी होती. बाहेर झड लागलेली आणि गठ्ठा माझ्या काउंटरवर दोन दिवस उघडा. कागद हवेतली ओल पितो आणि वाकतो. पाकिटाच्या झाकणाचा गोंद चिकट होतो, मग रोलर एकाऐवजी दोन पाकिटं ओढतो. पुढे टोनर पक्का करणारा रोलर २०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. ओलसर पाकीट त्यातून गेलं की सुरकुत्या पडतात आणि छपाईही नीट धरत नाही. तुमचे पुसट पत्ते त्यातलेच.

आता पाकिटं प्लास्टिकात गुंडाळून कपाटात राहतात, लागतील तेवढीच बाहेर येतात. एका वेळी वीसच लावतो, तीही आधी फरफर सुटी करून आणि कडा पट्टीनं दाबून. मागचं झाकण उघडं ठेवलं की पाकीट न वळता सरळ निघतं, त्यानं निम्मी कटकट गेली. कागद ओढणारे रोलर दर सोमवारी किंचित ओल्या फडक्यानं पुसतो. (प्लास्टिकच्या खिडकीची साधी पाकिटं मात्र कुणी आणू नका. ती आत वितळली तर महागात पडतं.)

बहाण्यांबद्दल बोलायचं तर, तुम्ही आलात तेव्हा मी पोराला पुढे केलं आणि स्वतः आत बसलो. ते बरोबर नव्हतं. खराब पाकिटांचे पैसेही बिलातून मीच कापायला हवे होते, तुम्ही मागायची वाट पाहायला नको होती.

तुमची उरलेली ३२ कोरी पाकिटं माझ्याकडेच आहेत. तुमचा शिपाई मंगळवारी बाजाराला येतो, त्याच्याजवळ ती देतो. चाळीस पाकिटांचे पैसे त्याच पुडक्यात असतील.